पाचवी ओळ राहिली

पुणे, १२ जून २०२४

ती. जसोदाफुईस,
नूतनचा नमस्कार.

फोनवर मी बोललेलं तुला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तर पटत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे.

दिल्लीतली एक संस्था जानेवारीत माझे आठही माहितीपट एकत्र दाखवणार आहे. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, शिवाय चर्चा. माहितीपट करणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे एरवी मेल्यावर येतं. 'बारा घरं'ची जुनी टेप खराब झाली होती, तीही ते नव्यानं तयार करून घेताहेत. माझी सुरुवातच त्या फिल्मनं झाली, म्हणून उद्घाटनाला तीच आहे.

अडचण एकच. फिल्ममध्ये जी माणसं मोठ्या प्रमाणात दिसतात त्यांचं लेखी संमतीपत्र त्यांना हवं आहे. २००४ साली आम्ही असलं काही घेत नव्हतो. बाकीच्यांचं जमेल, पण रूपलीबाईचं तूच आणू शकतेस. शेवटची दोन मिनिटं तिचीच आहेत. धरणाचं पाणी चढत असताना स्वतःच्या दारात बसून ती म्हणते, "पाणी आलं तर येऊ दे. माझ्या दारी आलेल्याला मी उभं ठेवत नाही." वीस वर्षं झाली, लोक मला अजून त्या वाक्यावरून ओळखतात.

खर्डीपाड्याची ती बाराही घरं आता कळसाडीच्या बाजूला पुनर्वसनाच्या वसाहतीत आहेत. तुझ्या गावाहून, प्रकाशाहून, गाडीनं तास लागेल. अर्ज सोबत आहे, मराठीत, नऊ ओळींचा. पावरीत, तिच्या भाषेत, वाचून दाखव आणि सही किंवा अंगठा घे. तेव्हाही दुभाषी तूच होतीस, ती भाचीवर नाही तरी आत्यावर विश्वास ठेवेल.

ऑक्टोबरमध्ये मी स्वतः येऊन वसाहतीत फिल्म दाखवणार आहे. ज्यांच्यावर केली त्यांनीच ती पाहिलेली नाही, हे सांगताना आता मला अवघड होतं.

तुझी,
नूतन

*

प्रकाशा, २४ जून २०२४

चि. नूतन,
खुशाल असशील असं धरून चालते.

तुझं पत्र आलं. वीस वर्षं एका बाईचा चेहरा देशोदेशी दाखवल्यावर तिची संमती मागायची, ही पद्धत मला समजली नाही. लग्न लावून, पोरं शाळेत घातल्यावर मुलीला पसंती विचारण्यातला प्रकार आहे. तुझ्या दिल्लीच्या विद्वानांना कळव.

मी काही जाणार नाही. माझे गुडघे कसे आहेत ते तू एकदाही विचारलेलं नाहीस. आणि खरं सांगायचं तर ही फिल्म तू यादीतून काढावीस. हाताला कंप असलेलं चित्रण, मध्येच येणारा वारा, सगळं शिकाऊ काम. तुझी वीटभट्टीवरची फिल्म चांगली आहे. मिठागरांची तर मला आवडली होती, मी बोलले नसेन. सात पुरेत. आठच हवेत असं कुठं लिहिलंय?

वसाहतीत पडदा बांधण्याचा घाटही घालू नकोस. कपाशीची लावणी, मग निंदणी, मग वेचणी. लोकांना रिकामपण नसतं. ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांना ती घरं पुन्हा दाखवून काय मिळवायचं? आमच्या शाळेत नन आम्हाला शिकवायच्या की दुसऱ्याच्या दुःखाकडे टक लावून बघणं हे वाईट वळण. तू शिकलीस ती शाळा वेगळी होती.

अर्ज परत पाठवते आहे.

जसोदाफुई

*

पुणे, ८ जुलै २०२४

ती. फुईस,

अर्ज पुन्हा पाठवते आहे. तू परत पाठवलास म्हणून मी जुनी पत्रं काढून बसले आणि मला एक क्रम दिसला.

२००६ साली शहाद्याच्या कॉलेजात 'बारा घरं' दाखवायची ठरली होती. वातावरण बिघडेल असं प्राचार्यांना तू परस्पर कळवलंस. २०११ साली धडगावला तारीख ठरली, तर रूपलीबाई आजारी आहे, लोकांना बरं वाटणार नाही, असं लिहिलंस. ती आजारी नव्हती, हे मला नंतर कळलं. २०१७ साली मी ती इंटरनेटवर टाकत होते तर तू आठवडाभर दररोज फोन केलास, चोरी होईल म्हणून. ज्या बाईला मोबाइलवर गजर लावता येत नाही तिला इंटरनेटवरच्या चोरीची काळजी. मीही ऐकलं. परदेशात दाखवली तर तू पेढे वाटतेस. नंदुरबार जिल्ह्याचं नाव काढलं की तुझे गुडघे दुखतात.

कारण मी सांगू? तुला लाज वाटते. गुजराच्या घरची मुलगी, लग्न नाही, कॅमेरा घेऊन परक्यांच्या दारात बसते. तू स्वतः तीस वर्षं त्याच डोंगरात फिरलीस, पण तुझ्याजवळ सरकारी आरोग्य खात्याची पिशवी होती, त्यामुळे ते चालून गेलं. मी फिरले ते रिकामटेकडेपण. बाबा तोंडावर म्हणायचे, तू म्हणत नाहीस एवढाच फरक.

तू नाही गेलीस तर धीरज जाईल. त्याला पावरी येत नाही, पण अर्ज मराठीत आहे आणि तिथं कोणीतरी वाचेलच. ऑक्टोबरची तारीख मी वसाहतीच्या सरपंचांना कळवली आहे.

नूतन

*

प्रकाशा, २९ जुलै २०२४

नूतन,

लाज हा शब्द जपून वापर. मला तुझा अनेकदा कंटाळा आला, लाज कधी वाटली नाही. पुढचं वाच आणि वाचून झाल्यावर लगेच फोन करू नकोस.

काल रविवारी मी वसाहतीत गेले. तुझा चुलतभाऊ धीरज गाडी काढता काढता म्हणाला, "फुई, तू घरच बस, मी जाईसन सही लई येस. एक सहीनं तर काम शे." मी म्हटलं, तू गाडी चालव.

रूपलीबाई आता साठीची आहे. मी धरून चालले होते की ती अंगठा देईल. मी नोकरीवर असताना देत होती. आता ती बचत गटाची अध्यक्ष आहे, चष्मा लावते, आणि बँकेचा कागद वाचल्याशिवाय हातात पेन घेत नाही. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

ती ओसरीत मूग निवडत होती. तिचा नवरा नवलसिंग शेतात होता. मी अर्ज तिच्यासमोर धरला, ओळीखाली बोट ठेवून एकेक वाक्य पावरीत सांगत गेले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. मग सहावी.

"नर्सबाई," ती म्हणाली, "पाचवी ओळ राहिली."

मी म्हटलं, ते आपलं तसंच काहीतरी असतं. तिनं कागद स्वतःकडे ओढला आणि अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. 'माझे म्हणणे या चित्रपटात मी बोलले त्याच अर्थाने दिलेले आहे.'

"फिल्ममध्ये मी काय बोलले असं सांगितलंय?"

मी सांगितलं. पाणी, दार, उभं न ठेवणं, सगळं.

"हे मी नाही बोलले."

"नाही."

"मग कोण बोललं?"

"मी," मी म्हटलं.

आता ती काय बोलली होती ते ऐक. शब्दन् शब्द मला पाठ आहे. ती म्हणाली होती, "पाणी लवकर येऊ दे. आलं की जावंच लागेल. खाली रस्ता आहे, दवाखाना आहे. माझी दोन पोरं दवाखान्यात नेताना झोळीतच गेली, अर्ध्या वाटेवर. मला जायचंय. हे तिच्या मशीनमध्ये नको, बाप्ये बसलेत तिकडे."

फिल्ममध्ये तिचा आवाज हेच बोलतो आहे. खाली अक्षरं माझी आहेत. पावरी समजणारा एक माणूस प्रेक्षकांत बसला असता तर वीस वर्षांपूर्वीच उघड झालं असतं. म्हणून मी शहादा होऊ दिलं नाही, धडगाव होऊ दिलं नाही. तू जो क्रम काढलास तो बरोबर आहे, कारण चुकीचं आहे.

आता मी हे का केलं. नवलसिंग तीस पावलांवर मोहाच्या झाडाखाली बैठकीत बसला होता. खर्डीपाडा हलणार नाही, अशी बारा घरांच्या वतीनं त्यानं नदीत उभं राहून शपथ घेतलेली. त्याची बायको म्हणते, मला जायचंय. मी तुला ते जसंच्या तसं सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? "फुई, पुन्हा एकदा विचार, जरा मोठ्यानं बोलायला सांग." तुझं ते 'पुन्हा एकदा' मी बारा दिवस ऐकत होते. एका म्हाताऱ्याला तू ओढा तीनदा ओलांडायला लावलास, कारण पहिल्या वेळी ढग आला आणि दुसऱ्या वेळी शेळी. म्हणून मी तुला असं वाक्य दिलं की ज्याच्यानंतर तू काही विचारणार नाहीस. तू कॅमेरा बंद केलास, डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "झालं, हाच शेवट." माझं काम झालं.

हे मी रूपलीबाईला सांगितलं. दुसरं कारण मी तिला सांगितलं नाही, तुला लिहिते. ते वाक्य मला एकदम सुचलं आणि आवडलं. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या, निबंधाचं शेवटचं वाक्य असं हवं की तपासणाऱ्यानं पेन खाली ठेवावं. पुढे ते तुझ्या पोस्टरवर छापलेलं पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. माझं नाव नव्हतं, तरी.

रूपलीबाईनं अर्ज घडी करून माझ्या हातात दिला. "पोरीला विचार, तिला काय हवं होतं," म्हणाली आणि पुन्हा मूग निवडायला लागली. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच उठले.

गाडीत धीरज विचारायला लागला, "काय व्हयनं, फुई? सही दिधी नही का?" मी त्याला गप्प बसवलं. तुला मात्र गप्प बसता येणार नाही, हे मला कळतं.

जसोदाफुई

*

पुणे, २० ऑगस्ट २०२४

ती. फुईस,

इथं कृषी महाविद्यालयात एक पावरा मुलगा शिकतो. त्याला बोलावून शेवटची दोन मिनिटं दाखवली. तू लिहिलंस तसंच आहे, एका शब्दाचाही फरक नाही. त्यानं विचारलं, सबटायटल कोणी लिहिली. मी म्हटलं, मी.

तुझ्यावर रागावायला मी तीन आठवडे घेतले. अजून जमलेलं नाही, कारण ओढ्याचं खरं आहे. म्हाताऱ्याला मी तीनदा नाही, चारदा पाठवलं होतं.

तरी व्यवहाराचं लिहिते. मी संस्थेला विचारलं. पाचव्या ओळीसारखी वाक्यं सक्तीची नसतात, काढता येतात. नवा अर्ज सोबत आहे. फिल्म वीस वर्षं ज्या रूपात लोकांनी पाहिली त्या रूपात जपायची, हेही एक तत्त्व आहे आणि ते माझं नाही, जपणाऱ्यांचं आहे. त्या वाक्यावर प्रबंध झालेत. धरणाविरुद्ध बोलणाऱ्या लोकांनी ते फलकांवर लिहिलं, मोर्चात नेलं. आता ती बाई उलटच म्हणत होती असं मी जाहीर केलं तर ते कोणाच्या उपयोगाला येईल, हेही तू बघ. शिवाय नवलसिंग आहे. तू वीस वर्षं त्याच्यापासून जे लपवलंस ते मी एका संध्याकाळी त्याच्यासमोर पडद्यावर दाखवू?

वसाहतीतला कार्यक्रम रद्द करते आहे. सही तेवढी आण.

नूतन

*

प्रकाशा, २ सप्टेंबर २०२४

नूतन,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं, ही माझीच भाची. मी एक वाक्य घातलं, तू एक वाक्य काढलंस.

अर्ज घेऊन गेले. या वेळी बोट ठेवलं नाही, कागद सरळ तिच्या हातात दिला. तिनं तो वाचायच्या आधी ओळी मोजल्या.

"आठच? मागच्या वेळी नऊ होत्या."

मी पिशवीत पेन शोधायला लागले.

"म्हणजे पोरीलाही कळलं," ती म्हणाली आणि हसली. तिला हसू का आलं ते मला समजेना, म्हणून मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "हसतेस काय? तुझ्या नवऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून मी वीस वर्षं कुठं कुठं खोटं बोलले ते तुला माहीत नाही."

त्यावर तिनं मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "इकडे ये रे! नर्सबाई तुझ्यापासून काय लपवतेय ते ऐक."

नवलसिंग हात पुसत आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं आता घरात काहीतरी फुटणार. तो खाटेवर बसला आणि म्हणाला, "ट्रक आला त्या दिवशी बाराही घरं आत दडून बसली होती. ही एकटी कोंबड्यांची टोपली घेऊन ट्रकमध्ये चढून बसली. सगळ्यांच्या आधी. मी दोन महिने तिथंच पाण्याकाठी एकटा राहिलो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. भाकरी कोण करणार? आलो. दोन वर्षं हिच्याशी बोललो नाही. पोराच्या लग्नात बोलावं लागलं."

"तेव्हाही तू फक्त 'मीठ दे' म्हणालास," रूपलीबाई म्हणाली.

वसाहतीत कुठलंही पोर हे सांगतं, नूतन. लग्नात या गोष्टीवरून तिची थट्टा होते. मी वीस वर्षं ज्याच्यावर पहारा दिला ते गावाला पाठ होतं. माहीत नव्हतं ते तुला आणि तुझ्या फिल्मा बघून डोळे पुसणाऱ्यांना. मी तिला कशापासूनही वाचवलं नाही. तिच्या घरी पंचवीस वर्षं चहा प्यायले, आणि ती खाली कशी आली हे एकदाही विचारलं नाही. मी ठरवून टाकलेलं होतं.

तिचं म्हणणं असं आहे. खालची ओळ बदलायची. फिल्म आधी वसाहतीत दाखवायची. मग ती सही करील, नऊ ओळींच्या कागदावर. मी तिला आठवण दिली की मशीनमध्ये नको असं तूच म्हणाली होतीस. ती म्हणाली, "तेव्हा नको होतं. तेव्हा जायचं बाकी होतं."

फलकांचं आणि प्रबंधांचं तुझं तू बघ. ज्यांनी धरणाविरुद्ध लढा दिला त्यांचं म्हणणं या एका बाईच्या वाक्यावर उभं नव्हतं. तुझं उभं आहे.

मी ऑक्टोबरमध्ये येणार नाही. तिथं दुभाषी लागत नाही.

जसोदाफुई

*

पुणे, ९ नोव्हेंबर २०२४

ती. फुईस,
नमस्कार.

धीरजनं तुला सांगितलं असेलच, पण त्याचं लक्ष बहुतेक वेळ जनरेटरकडे होतं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, दिवेलागणीला, समाजमंदिराच्या भिंतीवर फिल्म दाखवली. भिंतीचा रंग पिवळा आहे, म्हणून चादर लावली. शंभरेक माणसं होती. सुरुवात झाल्यावर लगेच माझ्या लक्षात आलं की मी या फिल्मबद्दल जे जे बोलत आले त्यातलं काहीही इथं कामाचं नाही. ते लोक फिल्म बघत नव्हते, माणसं ओळखत होते. मेलेल्याचं नाव कोणी घेतलं की सगळे थोडं थांबायचे. एका बैलासाठी मला फिल्म दोनदा मागे न्यावी लागली. ओढ्याचा प्रसंग आला तेव्हा एकदम आरडाओरडा झाला. तो म्हातारा इंद्रसिंग होता. त्याचा मुलगा, आता त्याचेच केस पांढरे झालेत, मागे वळून मला म्हणाला, "याच ओढ्यानं त्याचा गुडघा गेला." ते गमतीत होतं की नाही, मला ठरवता आलं नाही.

मग रूपलीबाई आली. मी नवीन ओळी लिहून घेतल्या होत्या, तीन दिवस एकेक शब्द तपासून. माझी नजर पडद्याच्या तळाशी होती. तिथं बघणारी मी एकटीच. बाकी सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, त्यांना खाली बघायची गरजच नव्हती. 'झोळीतच गेली' म्हणाली तेव्हा मागच्या बायका पुढे सरकून बसल्या. 'मला जायचंय' ला पुढच्या रांगेतली एक म्हातारी काहीतरी बोलली आणि सगळे हसले, नवलसिंगसुद्धा. ती काय म्हणाली ते विचारायला माझ्याजवळ कोणी नव्हतं.

रूपलीबाईनं घरी नेऊन सही केली. नऊही ओळी वाचल्या, पाचवी दोनदा. चहा दिला. मी कॅमेरा नेला नव्हता. ती म्हणाली, "आज मशीन नाही?" मी नाही म्हटलं. मग तिनं मला विचारलं, तुला मुलं किती. वीस वर्षांत तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तेव्हा सगळे प्रश्न मीच विचारत होते.

आता दिल्लीचं. नवीन ओळी आणि सहीचा कागद पाठवला. त्यांचं उत्तर सभ्य आहे. त्यांच्या मते यानं फिल्मचा अर्थच बदलतो, आणि त्यांनी जपायला घेतली होती ती वेगळी फिल्म होती. दोन पर्याय दिले: जुनी जशीच्या तशी दाखवायची आणि चर्चेत मी खुलासा करायचा, किंवा काढून घ्यायची. मी रात्रभर जागून वगैरे काही ठरवलं नाही. दुपारी जेवताना लिहून टाकलं, काढून घेते.

काल कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा आला. सात माहितीपट. माझ्या नावाखाली लिहिलंय की मी २००७ पासून या क्षेत्रात आहे.

तुझी,
नूतन

*

प्रकाशा, १८ नोव्हेंबर २०२४

चि. नूतन,

पत्र पोचलं. सिस्टर बेनेडिक्टांनी तुला या शेवटाबद्दल पास केलं नसतं, पण त्यांचं ऐकून काय होतं ते आपण पाहिलं.

सहानुभूती हवी असेल तर धीरजच्या आईला लिही, ती चांगली देते. मला एक विचारायचं आहे. तुला गुजरी येते, अहिराणी येते, मराठी, हिंदी आणि बरं इंग्रजी येतं. उरलेल्या सातांपैकी कितींमध्ये दुभाषी होता?

जसोदाफुई

*

पुणे, २६ नोव्हेंबर २०२४

ती. फुईस,

चार.

खालच्या ओळी तपासायला मिठागरांपासून सुरुवात करते. गुरुवारी निघते आहे. दिल्लीला पत्रिका छापायची थांबवा म्हणून कळवलं आहे.

नूतन